विचारा की! : पेपर आणणारा एजंट आणि न लिहिलेलं रीडमी

या वेळी पत्रांचा सूर एकच आहे. परभणी, लातूर, नांदेड, हिंगोली, कुठूनही आलेलं पत्र उघडावं तर आत एआय एजंट (सांगितलेलं काम टूलं वापरून स्वतः करणारा एआय), पेपर आणि डाऊनलोड. एम.एस्सी., पीएचडीची पोरं आता आपापली छोटी टूलं बनवायलीत, एजंटला सांगायचं 'या विषयावरचे पेपर आण' आणि तो आणतो. टूल पटकन होतं, अर्धा कोड एआयच लिहून देतो म्हणा ना, पण त्याचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे टूल कसं वापरायचं ते सांगणारं रीडमी वगैरे, थोडक्यात डॉक्स, लिहायची वेळ आली की सगळे अडतात. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात. मोबाईल तापणारे, जरा थांबा.

प्रश्न : नमस्कार ताई. मी परभणीला कृषी कीटकशास्त्रात पीएचडी करायलोय. पेपर शोधून डाऊनलोड करणारा एक एमसीपी सर्व्हर पायथनमध्ये बनवलाय, लॅबमधले बाकीचे पण वापरायलेत. रीडमी पण लिहिलंय, इन्स्टॉल कसं करायचं, एपीआय की (प्रोग्रॅमनं साईटकडून माहिती मागायची किल्ली) कुठं टाकायची, सगळं आहे. तरी एजंट भलतंच सांगतो. परवा गुलाबी बोंडअळीबद्दल विचारलं तर म्हणला या विषयावर फारसं संशोधन उपलब्ध नाही! बोंडअळीवर! ही चूक टूलची का एजंटची?

उत्तर : दोघांचीही नाही, तुमच्या डॉक्सची आहे. राग मानू नका.

तुमचं रीडमी एजंटनं बहुतेक बघितलेलंच नाही. एमसीपी हे एजंट आणि टूल यांना जोडायचं खुलं स्टँडर्ड, अँथ्रोपिकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलं, त्यात एजंटसमोर येतं काय तर टूलचं नाव, त्याचं चार ओळींचं वर्णन आणि कुठली माहिती भरायची त्याची यादी. बस. त्या चार ओळींवरनंच तो ठरवतो हे टूल वापरायचं का नाही आणि आलेल्या निकालाचा अर्थ काय लावायचा. म्हणजे तुमचं खरं डॉक्युमेंटेशन ते वर्णन आहे, रीडमी नंतर. तुम्ही पाठवलेल्या कोडमध्ये वर्णन काय आहे? 'संशोधन पेपर शोधतो आणि डाऊनलोड करतो.' एवढंच. आणि आत फंक्शन बघितलं तर शोध फक्त आर्काइव्हवर चाललाय.

आता आर्काइव्ह म्हणजे १९९१ साली पॉल गिन्सपार्ग यांनी भौतिकशास्त्रवाल्यांसाठी सुरू केलेली जागा, पुढं कॉर्नेल विद्यापीठानं सांभाळलेली. भौतिकशास्त्र, गणित, कॉम्प्युटर सायन्स यांचं तिथं रान माजलंय, जीवशास्त्राचा एक कोपरा आहे, पण कपाशीवरची कीड शोधायला ती जागाच नाही. तिथं बोंडअळी शोधली तर काही हाती लागणार नाही, लागलंच तर पानावरची अळी फोटोवरून ओळखणारा एखादा कॉम्प्युटरचा पेपर लागंल. एजंटला वाटलं 'संशोधन पेपर' म्हणजे जगातले सगळे पेपर, आणि त्यानं तसं बिनदिक्कत सांगून टाकलं. नव्या सालगड्याला 'औत घेऊन ये' म्हणलं तर तो निदान विचारतो, कुणाचं, कुठल्या शेतातलं. हा विचारत नाही, जे दिसलं ते घेऊन येतो आणि नाही दिसलं तर गावात औतच नाही म्हणून सांगतो.

तर वर्णन असं करा : 'हे टूल फक्त आर्काइव्हमध्ये शोधतं. भौतिकशास्त्र, गणित, संगणक यासाठी चांगलं. शेती, कीटकशास्त्र, वैद्यक, सामाजिक शास्त्रं यासाठी वापरू नये. शून्य निकाल आला म्हणजे संशोधन झालं नाही असा अर्थ काढू नये, दुसऱ्या स्रोतात शोधावं.' टूल काय करतं हे सगळेच लिहितात, काय करत नाही ते कुणी लिहीत नाही, आणि एजंटच्या बाबतीत सगळा घोळ तिथंच होतो.

आणि मग तुमच्या विषयाचे स्रोत जोडा की. ओपनॲलेक्स आहे, मायक्रोसॉफ्टनं आपला पेपरांचा मोठा डेटाबेस २०२१ च्या शेवटी बंद केला तेव्हा त्याची जागा घ्यायला २०२२ च्या सुरुवातीला आलेलं, तिथं सगळ्या विषयांचा मेटाडेटा, म्हणजे पेपरचं नाव, लेखक असली माहिती, मिळतो. वैद्यक आणि जीवशास्त्राच्या मोफत पेपरांसाठी पबमेड सेंट्रल आहे. कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांसाठी कृषिकोश, बाकी विद्यापीठांसाठी इन्फ्लिबनेट या सरकारी संस्थेचं शोधगंगा. पण प्रत्येकाची खोड वेगळी आणि ती डॉक्समध्ये आलीच पाहिजे. शोधगंगावर प्रबंध एका फाईलमध्ये नसतो, शीर्षक वेगळं, प्रमाणपत्र वेगळं, प्रत्येक प्रकरण वेगळं, संदर्भसूची वेगळी. तुमच्या टूलनं पहिली पीडीएफ उचलली तर एजंटच्या हातात मार्गदर्शकांच्या सहीचं पान पडणार, आणि तो त्याचाही सारांश करंल, त्याला काय.

अजून एक. क्रॉसरेफ आणि अनपेवॉल या दोन सेवांत काय फरक आहे ते एका वाक्यात लिहा, कारण लोक आणि एजंट दोघंही घोटाळा करतात. क्रॉसरेफला डीओआय (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक) दिला की पेपरचा मेटाडेटा मिळतो, नाव, लेखक, जर्नल, साल. फुकट पीडीएफ मिळंलच असं नाही. अनपेवॉलला तोच डीओआय दिला की कायदेशीर मोफत प्रत कुठं आहे ते सांगतं, आणि नसंल तर नाही म्हणून सांगतं. ती प्रत कुठल्या टप्प्यातली आहे हेही त्यात येतं, जर्नलकडं पाठवलेली, स्वीकारलेली का छापलेली. हे टूलच्या उत्तरात पुढं द्या. पाठवलेल्या आणि छापलेल्या प्रतीत तक्त्यातले आकडे बदललेले असू शकतात, आणि तुम्ही प्रबंधात जुना आकडा टाकून व्हायव्हाला बसलात तर बाहेरून आलेले परीक्षक सोडतील असं वाटत नाही.

पेपर मागं घेतलेला आहे का हेही तपासता येतं, रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस क्रॉसरेफनं २०२३ मध्ये घेतला आणि सगळ्यांना खुला केला. टूल हे तपासत असंल तर तसं लिहा, तपासत नसंल तर ते तर नक्की लिहा.

प्रश्न : ताई, मी हिंगोलीचा. माझं टूल 'डाऊनलोड यशस्वी' म्हणतं, फोल्डरमध्ये फाईल पण दिसते पण उघडायला गेलं की एरर. गंमत म्हणजे एजंटनं त्याच फाईलचा सारांश पण लिहून दिलेला असतो!!

उत्तर : गंमत कसली, हे लई धोक्याचं आहे. सारांश त्यानं बहुतेक शीर्षक आणि ॲबस्ट्रॅक्ट वाचून ठोकून दिलाय.

तुमची ती फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघा. खरी पीडीएफ असंल तर अगदी सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह, त्याला चिकटून पीडीएफ ही तीन अक्षरं, मग डॅश आणि व्हर्जन नंबर दिसतो. तुमच्या फाईलमध्ये त्या जागी एचटीएमएलचा टॅग दिसंल, पैज लावते. प्रकाशकाच्या सर्व्हरनं पेपर दिलाच नाही, लॉगिनचं पान दिलं, सोबत २०० हा स्टेटस दिला म्हणजे 'सगळं ठीक', आणि तुमच्या टूलनं ते पान पीडीएफचं नाव देऊन सेव्ह केलं. स्टेटस बघून यशस्वी म्हणायचं नाही, पहिली अक्षरं बघून म्हणायचं.

दुसरा प्रकार आपल्याकडं जास्त. डाऊनलोड चालू असताना लाईट जाते, राऊटर बंद, लॅपटॉप बॅटरीवर चालूच, फाईल अर्धी राहते. अशा फाईलची सुरुवात बरोबर असते त्यामुळं वरच्या तपासणीत ती पास होते, काही रीडर तर तिची सुरुवातीची पानं उघडून पण दाखवतात, आणि एजंट पद्धतीच्या विभागापर्यंत वाचून निष्कर्ष सांगून मोकळा. त्यासाठी फाईलचा शेवट बघा, तिथं दोन टक्क्यांची चिन्हं आणि ईओएफ असतं. आणि डाऊनलोड पुरा होईपर्यंत फाईलला वेगळं तात्पुरतं नाव ठेवा, पुरा झाला की मगच पीडीएफ नाव द्या.

आता हे डॉक्समध्ये कसं मांडायचं? बहुतेक रीडमीत एररचा विभागच नसतो आणि असला तर 'काही अडचण आल्यास संपर्क करा'. एजंट कुणाला संपर्क करणार! प्रत्येक चुकीला टूल नेमकं काय म्हणंल आणि त्यावर एजंटनं काय करायचं ते लिहा. उदाहरणार्थ : 'लॉगिन पान मिळालं, पेपर नाही. पुन्हा प्रयत्न करू नका, अनपेवॉलवर मोफत प्रत बघा, नसल्यास वापरणाऱ्याला तसं सांगा, सारांश लिहू नका.' किंवा '४२९ आला, म्हणजे फार वेगानं मागितलं, सर्व्हरनं सांगितलेल्या वेळेपर्यंत थांबा.' किंवा '४०३ आला, परवानगी नाही, थांबा.' हा संदेश चूक झाली त्याच क्षणी टूलनं एजंटला परत द्यायचा, नुसता रीडमीत लिहून उपयोग नाही. एरर मेसेज हेही डॉक्युमेंटेशनच आहे, आणि एजंट ते हमखास वाचतो कारण दुसरं काही त्याच्यासमोर नसतंच.

'सारांश लिहू नका' हे वाक्य गाळू नका. ते नसलं की काय होतं ते तुम्ही बघितलंच.

प्रश्न : मॅडम, मी लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजची ग्रंथपाल आहे. वन नेशन वन सबस्क्रिप्शन या सरकारी योजनेमुळं कधी नाही ते एवढी जर्नल्स आम्हाला मिळाली. एका विद्यार्थ्यानं गिटहबवरून (लोक आपला कोड ठेवतात ती साईट) कुठलंसं एजंट टूल घेऊन कॅम्पसच्या वायफायवर रात्रभर लावून ठेवलं आणि सकाळी एका प्रकाशकानं पूर्ण कॉलेजचा ॲक्सेस थांबवला. मेलमध्ये पद्धतशीर डाऊनलोडिंग असा शब्द आहे. पोरगा म्हणतो टूलच्या माहितीत असं काही लिहिलं नव्हतं. आता मी प्राचार्यांना काय सांगू?

उत्तर : आधी ॲक्सेस परत मिळवा. त्या मेलला आजच उत्तर द्या, स्क्रिप्ट कुणी, कुठल्या कॉम्प्युटरवरून चालवली ते सापडलंय, ती बंद केली, उतरवलेल्या फाईली काढून टाकल्या, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, असं स्पष्ट. इन्फ्लिबनेटला पण कळवा कारण योजना तेच चालवतात. खोटं लिहू नका, प्रकाशकाकडं वेळेसकट सगळा लॉग असतो. पोराला फार रागावू नका, तो खोटं बोलत नाहीये.

प्राचार्यांना सांगायचं तर असं सांगा. ही योजना १ जानेवारी २०२५ पासून चालू झाली, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटींची तरतूद, ३० प्रकाशक, जवळपास १३ हजार जर्नल्स, केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी. पण हे विकत घेतलेलं वाचनाचं लायसन्स आहे. माणसानं आपल्या अभ्यासासाठी पेपर उघडावा, उतरवावा, चालतं. प्रोग्रॅम लावून ओळीनं अंकच्या अंक उपसणं बहुतेक लायसन्समध्ये चालत नाही. आणि प्रकाशकाला पोरगा दिसत नाही, त्याला कॉलेजचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, दिसतो. त्यामुळं एकाची करणी सगळ्यांच्या अंगावर. हे फक्त आपल्याकडं होतं असंही नाही, २०१० मध्ये अमेरिकेत ॲरन स्वार्ट्झ या प्रोग्रॅमरनं एमआयटीच्या नेटवर्कवरून जेस्टोअर या जर्नलांच्या संग्रहातले पेपर स्क्रिप्टनं उतरवले तेव्हा अख्ख्या एमआयटीचं जेस्टोअर काही दिवस बंद पडलं होतं. पुढं त्याच्यावर झालेली केस हा वेगळा आणि फार दुःखद विषय आहे.

आता टूल बनवणाऱ्यांनी हे पत्र वाचावं म्हणून मुद्दाम लिहिते. ज्याच्या टूलमुळं हे झालं त्यानं बहुधा घरच्या इंटरनेटवर बसून ते बनवलं असंल, तिथं विकतच्या पेपरचा दरवाजा बंदच असतो म्हणून त्याला धोका कळला नाही. तेच टूल कॅम्पसवर आलं की सगळे दरवाजे उघडे. म्हणून डॉक्समध्ये 'कॉलेजच्या नेटवर्कवर चालवण्याआधी' असा विभाग हवा आणि तो वर हवा, शेवटी बारीक अक्षरात नको. त्यात लिहा की एका वेळी किती पेपर, मर्यादा कोडमध्ये आहे का फक्त सल्ला आहे, आणि प्रकाशकाच्या साईटवरून टूल थेट उचलतं का फक्त मोफत प्रतीच घेतं. काही मोठे प्रकाशक टेक्स्ट मायनिंगसाठी वेगळा एपीआय देतात, त्याचा रस्ता ग्रंथपालांमार्फत जातो, तेही लिहा.

वेगाचं तर आणखीच. आर्काइव्हचं म्हणणं आहे तीन सेकंदांत एकच विनंती आणि एका वेळी एकच कनेक्शन. पबमेडवाल्या एनसीबीआयकडं एपीआय की नसंल तर सेकंदाला तीन विनंत्या, एपीआय की असंल तर दहा. पबमेड सेंट्रलच्या वेबसाईटवरून स्क्रिप्टनं गठ्ठ्यानं पेपर उचलायला मनाईच आहे, त्यासाठी खुल्या पेपरांचा वेगळा संच आणि वेगळा मार्ग त्यांनी दिलाय. लोक काय करतात, कोडमध्ये तीन सेकंद थांबायचं टाकतात आणि रीडमीत अभिमानानं लिहितात 'मर्यादा पाळतो'. पण आजकाल एक एजंट पाच उप-एजंट सोडतो, पाचही जण आपापले तीन सेकंद प्रामाणिकपणे मोजतात आणि सर्व्हरकडं पाचपट मारा होतो. म्हणून 'सगळ्यांची मिळून एकच रांग आहे' किंवा 'एका वेळी एकच एजंट चालवा' यातलं जे खरं असंल ते लिहा.

माझं मत विचाराल तर शोधणं आणि डाऊनलोड करणं ही दोन वेगळी टूलं ठेवा. शोध एजंटनं खुशाल करावा, यादी माणसाला दाखवावी, माणसानं हो म्हणलं की मग डाऊनलोड. काही जणांना हे मागासलेलं वाटंल, वाटू द्या.

प्रश्न : ताई एकच विचारायचं होतं, टूलमध्ये साय-हब जोडलं आणि डॉक्समध्ये नाही लिहिलं तर चालंल का? बीड.

उत्तर : नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं साय-हब, म्हणजे प्रकाशकांच्या परवानगीशिवाय पेपर फुकट देणारी साईट, भारतात ब्लॉक करायचा आदेश दिला. त्या साईटवर माझं काय मत आहे आणि आपल्या पोरांना पेपरच्या किमती कशा परवडत नाहीत हा मोठा वाद आहे, तो इथं नको. पण लपवून जोडणं हे सगळ्यात वाईट, कारण वापरणाऱ्याला कळतच नाही की त्याच्या नावावर, त्याच्या कॉलेजच्या आयपीवरून काय चाललंय. टूल फाईल कुठून आणतं ते प्रत्येक फाईलसोबत सांगितलंच पाहिजे, यात तडजोड नाही. पेपर मिळतच नसंल तर लेखकाला ईमेल टाका, बरेच जण आनंदानं पाठवतात. डॉक्समध्ये एजंटला हेच सांगून ठेवा की नाही मिळालं तर ईमेलचा मसुदा करून दे, पाठवू नकोस.

प्रश्न : नमस्कार. आम्ही नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत, प्रोजेक्ट म्हणून असंच टूल करायलोत. गाईड म्हणतात डॉक्स इंग्रजीत पाहिजेत, आमची इच्छा मराठीत लिहायची. एजंटला मराठी कळती का? आणि अनपेवॉल ईमेल मागतं तो कुणाचा द्यायचा?

उत्तर : कळते, बऱ्यापैकी. पण गाईडचं अर्धं ऐका. टूलचं वर्णन, फील्डची नावं, एरर मेसेज इंग्रजीत ठेवा, ते मॉडेल बनवणाऱ्यांच्या सवयीत बसतं आणि देशाबाहेरचा माणूस पण वापरू शकतो. माणसासाठीचं रीडमी मात्र मराठीत लिहाच, निदान दोन्हीत. त्या लातूरच्या ग्रंथपाल बाईंना टूल वाचून हो किंवा नाही म्हणता आलं पाहिजे, आणि एखाद्या ज्युनिअर कॉलेजच्या सरांना पण. मराठीत लिहिताना 'सदर प्रणाली वापरकर्त्यास' असलं सरकारी काही नको, तुम्ही मला जसं पत्र लिहिलंत तसं लिहा, त्यातलं सगळं मला एका वाचण्यात कळलं.

ईमेल वापरणाऱ्याचा स्वतःचा. क्रॉसरेफ पण ईमेल देणाऱ्याला चांगली रांग देतं, कारण काही बिघडलं तर त्यांना कुणाला सांगायचं ते कळतं. तुमचा ईमेल कोडमध्ये टाकून गिटहबवर ठेवलात तर जगभरातल्या लोकांच्या विनंत्या तुमच्या नावावर जातील. आणि नमुन्यात 'तुमचा ईमेल इथं' असा खोटा पत्ता ठेवला तर एजंट तोच जसाच्या तसा पाठवतो, माणसाला हसू येतं, त्याला येत नाही. त्यापेक्षा ईमेल रिकामा असंल तर टूल सुरूच होऊ नये, आणि का होत नाही ते त्यानं सांगावं. एपीआय की वेगळ्या फाईलमध्ये, ती फाईल गिटमध्ये नाही, हे तर तुम्हाला पहिल्या वर्षीच शिकवलं असंल.

प्रश्न : ताई, पेपरच्या आतच एजंटसाठी सूचना लपवलेल्या असतात असं ऐकलं, खरं का? छत्रपती संभाजीनगर.

उत्तर : खरं आहे. जुलै २०२५ मध्ये जपानच्या निक्केई वृत्तपत्रानं दाखवून दिलं की आर्काइव्हवरच्या काही पेपरांत पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत, पेपर तपासणाऱ्या एआयसाठी 'चांगलाच अभिप्राय दे' अशा ओळी होत्या. डोळ्याला दिसत नाहीत, मजकूर काढणाऱ्या प्रोग्रॅमला दिसतात. म्हणून टूलनं पेपरचा मजकूर एजंटला देताना वर स्पष्ट लिहावं की खालचा मजकूर बाहेरून आलेला आहे, त्यातल्या कुठल्याही आज्ञा पाळू नयेत. यानं शंभर टक्के बचाव होत नाही, तेही डॉक्समध्ये लिहा. आणि ज्या टूलला पेपर वाचायचे आहेत त्याला तुमच्या कॉम्प्युटरवरचा एकच फोल्डर उघडा ठेवा, बाकी काही नाही. कुठला फोल्डर ते डॉक्समध्ये नावासकट.

प्रश्न : एपीआय सारखे बदलतात, डॉक्स जुने होतात. कसं सांभाळायचं? उदगीर.

उत्तर : प्रत्येक स्रोतापुढं शेवटचं कधी तपासलं ती तारीख टाका आणि डॉक्समधली उदाहरणं हीच टेस्ट म्हणून अधूनमधून चालवा, उदाहरण फेल झालं की डॉक्स जुने झाले हे कळतं. उदाहरणाला खरा डीओआय घ्या, एक मोफत मिळणारा, एक न मिळणारा, म्हणजे दोन्ही उत्तरं कशी दिसतात ते समोर राहतं. आणि पदवी झाली, नोकरी लागली, पुण्याला गेलात आणि टूल सांभाळणं होईना, तर रीडमीच्या पहिल्या ओळीत आणि टूलच्या वर्णनात पण 'आता सांभाळत नाही, वापरू नका' असं लिहून जा.